सहा ऋतू, तीन ग्रेव्ह्या

हंगामी मेन्यू म्हणजे वर्षभर विकले जाणारे पदार्थ त्या त्या ऋतूत वेगळ्या नावाने आणि वेगळ्या भांड्यात विकण्याची पद्धत. ऋतूप्रमाणे आहार बदलण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय याच विषयाला दिलेला आहे. माणसाचा जठराग्नी ऋतूबरोबर कमीजास्त होतो, असे तिथे मानले आहे. हॉटेलच्या शास्त्रात अग्नी एकच, १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा, आणि तो बाराही महिने सारखाच पेटतो.

भटारखान्यात ग्रेव्ह्या तीन असतात: टोमॅटो-लोण्याची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि परतलेल्या कांद्याची तपकिरी. सकाळी अकराच्या आत तिन्ही पातेली तयार होतात आणि रात्री शेवटचे गिऱ्हाईक उठेपर्यंत पुरवली जातात. पंचांगात ऋतू सहा, म्हणजे एकेका ग्रेवीच्या वाट्याला दोन. हा हिशेब मालकाच्या एकदा नीट ध्यानात आला की पुढचे काम छपाईवाल्याचे. हवामान खाते मात्र ऋतू चारच मानते आणि हॉटेलवाल्यांनी खात्याचेच ऐकावे, कारण त्यांचेही चारच आहेत: आंबा, पाऊस, उपवास आणि हुरडा. मध्ये उरणाऱ्या दिवसांना लग्नसराई म्हणतात. तेव्हा लोक जेवायला कार्यालयात जातात आणि हॉटेलात रंगकाम काढता येते.

वर्षाची सुरुवात आंब्याने करावी. हापूस साधारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बाजारात असतो, म्हणून आमरस-पुरीचा फलक फेब्रुवारीत लावावा आणि ऑगस्टमध्ये उतरवावा. दोन्हीकडची फट भरून काढायला ३.१ किलोचा हवाबंद डबा मिळतो. त्याला ऋतू नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून कार्डावर ‘हापूस’ लिहिताना जरा जपावे लागते. त्यावर मराठीत सोय आहे. ‘हापूसचा आमरस’ हे विधान झाले, ते कोणी विचारले तर सिद्ध करावे लागते. ‘हापूस-चवीचा आमरस’ ही भावना झाली, आणि भावनेची पावती कोणी मागत नाही.

आमरस अनलिमिटेड ठेवावा. नवख्या मालकाला यात बुडण्याची भीती वाटते, ती वाढपाची पद्धत माहीत नसल्यामुळे. पहिल्या फेरीतच ढोकळा, कोथिंबीर वडी, बटाट्याची सुकी भाजी, कढी आणि चार टम्म पुऱ्या एकदम ताटात पडाव्यात. रसाची वाटी अंगठा बुडेल एवढीच असावी. पुऱ्यांवर दोन वाढपी असले तर रसावर एक असावा आणि त्याची चाल या दोघांच्या दुप्पट असावी. गिऱ्हाईक मान वर करून “अहो, रस…” म्हणते तोवर ओगराळे तिसऱ्या टेबलापलीकडे पोचलेले असते. दुसऱ्या वाटीनंतर मालकाने जातीने यावे आणि रसावर तूप घालण्याचा आग्रह करावा. रस बाधू नये म्हणून तूप घेतात, ही घरोघरची रीत आहे. तुपाने पोट लवकर भरते, हे हॉटेलचे निरीक्षण आहे. अधिक महिना उन्हाळ्यात आला तर आमरस आणि जावई एकाच टेबलावर येतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. जावयाला ३३ अनारसे वाण द्यायची पद्धत असल्याने ‘जावई थाळी’त तीन अनारसे ठेवावेत आणि उरलेले तीस काउंटरवर विकत मिळतील, हे कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात छापावे.

पावसाळी मेन्यू पाऊस येवो न येवो ७ जूनला लागतो. कांदाभजी, मक्याचे कणीस आणि आल्याचा चहा यांच्याबद्दल शिकवण्यासारखे काही नाही. सिझलरबद्दल आहे. बिडाची ताटली लालबुंद तापवावी, तिच्यावर कोबीचे पान अंथरावे, पानावर तीनपैकी कोणतीही ग्रेवी ओतलेले काहीही ठेवावे आणि दारातून बाहेर पडताना वरून लोणी-पाणी सोडावे. जो विकायचा तो आवाज आणि धूर. एका टेबलावर सिझलर गेले की वाटेतली तीन टेबले तेच मागतात, म्हणून दिवसाचे पहिले सिझलर मागवणाऱ्याला नेहमी हॉलच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बसवावे.

पावसाळ्यातला प्रतिष्ठेचा प्रकार म्हणजे रानभाजी महोत्सव, आणि यात धोका खरा आहे. पहिल्या पावसाबरोबर ठाणे-पालघरकडच्या बाजारांत आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळात, सुरणात असतात तसेच, घशाला खाज आणणारे बारीक स्फटिक असतात. त्यावर उतारा म्हणून काकडाची आंबट हिरवी फळे भाजीत घालावीच लागतात, आणि शेवळे विकणारी बाई ती जुडीसोबत स्वतःहून पुढे करते. शहरातून आलेला शेफ शेवळांचा फोटो काढतो, शेवळे घेतो आणि “ही बोरं नकोत” म्हणून काकडे परत करतो. त्या रात्री टेबलांवरचे पाण्याचे जग पुन्हा पुन्हा भरावे लागतात आणि वेटरला वाटते, तिखट जास्त झाले. म्हणून महोत्सव भरवणाऱ्यांनी शक्यतो कर्टोलीवर थांबावे. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी ही नावे मात्र सगळी छापावीत. शिजल्यावर सगळ्या पालेभाज्या हिरव्या दिसतात आणि पालक बाराही महिने मिळतो.

माशांच्या हॉटेलांचा प्रश्न वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना राज्याच्या समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या ६१ दिवसांत कार्डावरच्या ‘ताजी सुरमई’मधील ‘ताजी’चा अर्थ ‘नुकतीच वितळलेली’ असा घ्यावा. कोकणात याच दिवसांसाठी मे महिन्यातच आगोट भरतात: सुके बोंबील, सोडे, सुकट, खारा बांगडा. किनाऱ्याचा अस्सल पावसाळी मेन्यू तो हाच. पण सुकट भाजली की वास वातानुकूलनातून वरच्या मजल्यावरच्या बँक्वेट हॉलपर्यंत जातो आणि तिथे कोणाचे तरी बारसे चाललेले असते. म्हणून ती कार्डावर आणायचीच तर काळ्या पाटीवर अर्धा चमचा, शेजारी कोथिंबिरीचे एक पान, अशी आणावी. चव लागायच्या आत संपते, त्यामुळे तक्रार येत नाही.

उपवासाच्या ऋतूत बदल एका रात्रीत करावा लागतो. आषाढी अमावास्येच्या रात्री मटण संपेपर्यंत विकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारावर ‘कांदा-लसूणविरहित सात्त्विक थाळी’ टांगायची. तिन्ही ग्रेव्ह्यांत कांदा असल्याने इथे शास्त्र क्षणभर अडते. अशा वेळी पांढरीतला कांदा काढून तिचे नाव ‘शाही’ ठेवावे. अधिक श्रावण आला की पेच वाढतो. २०२३ मध्ये तो १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता आणि निज श्रावण त्यानंतर सुरू झाला. अशा वर्षी पाळायचा महिना कोणता, यावर मालकाने मत देऊ नये. थाळी दोन्ही महिने ठेवावी, मटणही दोन्ही महिने ठेवावे, ज्याने त्याने आपला श्रावण निवडावा.

साबुदाण्याची खिचडी ‘पारंपरिक’ या शब्दाखाली छापावी, त्याचे वीस रुपये वेगळे घेता येतात. तसे पाहिले तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चौकडी मूळची अमेरिका खंडातली. बशीतले जुने रहिवासी म्हणजे जिरे आणि तूप. एवढी माहिती कार्डावर मावत नाही.

थंडीचे फार काही नसते. स्ट्रॉबेरी डिसेंबरच्या सुमारास भरात येते, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून मानांकन आहे, आणि ती क्रीमवर ठेवली की काम होते. भोगीच्या दिवशी मिक्स व्हेजवर तीळ भुरभुरावेत. हुरडा मात्र हॉटेलात आणू नये, असे स्पष्ट सांगितलेले बरे. गुळभेंडीचे कोवळे कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून गरम गरम तोंडात टाकायचे असते. त्यात चुलीइतकाच हाताचा वाटा आहे. फ्रीजरमधल्या पाकिटातून निघालेला हुरडा वेटरने चोळून दिला तर गिऱ्हाईक त्याच्या हाताकडे पाहत राहते. तरीही आणायचाच असला तर भेळ करावी. भेळेत काय पडले, याचा शोध कोणी घेत नाही.

आता भांडी. पदार्थ तोच असल्याने ऋतू दाखवण्याची जबाबदारी शेवटी भांड्यावर येते आणि मालकाचा निम्मा खर्चही इथेच होतो. नियम एकच: घरातली वस्तू जितकी जुनी आणि मोठी, तितकी तिची हॉटेलातली प्रतिकृती लहान आणि महाग. खलबत्ता, जाते, चूल, हातगाडी, खाट या सर्वांच्या वीतभर आवृत्त्या बाजारात मिळतात. खाटेवर कबाब झोपवतात. बटाट्याचे तळलेले काप पत्र्याच्या छोट्या बादलीत देण्याची पद्धत फार पसरली आहे. पण ज्यांच्या लहानपणी मोरीत तशीच बादली आणि शेजारी टमरेल असे, त्या पिढीला ते देऊ नयेत. साठीपुढचे गिऱ्हाईक दिसले की काप बशीत न्यावेत.

तांब्या-पितळेबद्दल सावध राहावे, इथे विनोद संपतो. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत ठेवला की कळकतो. धातू पदार्थात उतरतो आणि चव बिघडते, पोटही बिघडते. ताक, चिंचेची आमटी, कोकमाची सोलकढी ही त्यातली मुख्य. म्हणून भांड्यांना आतून कल्हई करत: भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने आतून सारखे पुसत न्यायचे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे हे काम भाता आणि चार निखारे यांवर गल्लीच्या तोंडाशी होत असे. कल्हईवाले आता शोधावे लागतात. तरीही ठोक्याठोक्यांच्या तांब्याच्या पेल्यात गुलाबी सोलकढी देणारी हॉटेले आहेत आणि गिऱ्हाईक तिचा फोटो काढून मगच पिते. सोलकढी काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यातच द्यावी. तांबेच दाखवायचे असेल तर बाहेरून तांबे आणि आतून स्टील अशा हंड्या मिळतात. त्या घ्याव्यात आणि गिऱ्हाइकाने आत डोकावण्याआधी भराव्यात.

केळीच्या पानाला तीन पर्याय आहेत: खरे पान, पानाचे चित्र छापलेला कागद आणि पानाच्या आकाराची मेलामाइनची हिरवी ताटली. तिसरी धुता येते, म्हणून ती सर्वाधिक खपते. पान कोणतेही असो, वाढायची जागा ठरलेली आहे. वर मध्यभागी मीठ. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. चवीपुरते घ्यायचे ते डावीकडे आणि पोटभर खायचे ते उजव्या हाताशी, इतके साधे गणित त्यात आहे. चौकोनी पांढऱ्या प्लेटवर शेफ मूद कोपऱ्यात ठेवतो, चटणीचा फराटा ओढतो आणि आमटी चहाच्या किटलीतून देतो. जुनी माणसे अशा वेळी काही बोलत नाहीत. भात मध्ये ओढून घेतात, त्याला आळे करतात आणि किटली त्यात रिकामी करतात. शेफने ते पाहू नये.

पत्रावळ आणि द्रोण श्रावणात शोभतात, पण द्रोण गळतो. तो वाटीत ठेवून द्यावा. मग द्रोण कशाला, असे विचारणारे गिऱ्हाईक हंगामी मेन्यूचे नव्हे.

हंगाम उतरवताना जुनी कार्डे फेकू नयेत. तारीख न छापल्यास ती पुढच्या वर्षी चालतात. किमतीवर मात्र चिकटपट्टी लावावी लागते आणि ती नखाने खरवडून खालची किंमत पाहणारे एक तरी गिऱ्हाईक रोज येते.

या सर्व व्यवस्थेत एक पदार्थ वर्गीकरणाबाहेर राहतो. दुपारी साडेतीनला, गिऱ्हाईक उठल्यावर, भटारखान्यात कामगारांसाठी भाजी टाकतात. तिला तीनपैकी कोणतीही ग्रेवी नसते. त्या दिवशी मंडईत जी सर्वांत स्वस्त मिळाली ती आणलेली असते, म्हणजे जानेवारीत पाल्यासकट मुळा, पावसाळ्यात दोडका. ती स्टीलच्या ताटलीत वाढतात आणि कार्डावर तिचे नाव नाही.