सुगंधाचे वकीलपत्र

डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले न्यायासनापुढे पुरावा म्हणून मोठ्या तोऱ्याने रुजू होते, आणि बिचाऱ्या नाकाला मात्र साक्षीच्या पिंजऱ्याच्या आसपासही कोणी फिरकू देत नाही, हा पक्षपात मला अनेक वर्षे खटकत असे. कारण हैदराबादेतल्या आमच्या नारायणगुड्यात नाकाइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नव्हता. कढीपत्त्याची फोडणी आली की टिफिनचे हॉटेल, उकळून उकळून काळवंडलेल्या चहात उस्मानिया बिस्किटांचा खरपूस दरवळ मिसळला की इराण्याचे, फिनेल आले की दवाखाना, आणि जून महिन्यात कोऱ्या वह्यांचा व भिजलेल्या दप्तरांचा संमिश्र वास आला की न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली केशव मेमोरियल शाळा, असा सारा पत्ता डोळे मिटून सांगता येत असे. वास खोटे बोलत नसे, एवढेच नव्हे तर त्याला खोटे बोलण्याची अक्कलच नव्हती.

ती अक्कल त्याला अलीकडे आली आहे. आता दंतवैद्याच्या खोलीत मोगरा दरवळतो, साड्यांच्या दुकानात भाजलेल्या केकची चाहूल लागते, आणि लिफ्टमध्ये तर देवदारांचे अरण्य पसरलेले असते. या सर्व गुन्ह्यांतला मुख्य आरोपी म्हणजे भिंतीवर टांगलेली वहीएवढी एक पेटी, आणि तिचा या भागातला मक्ता घेतलेला इसम म्हणजे दुर्दैवाने माझा सख्खा पुतण्या.

"काका, यात पाणी नाही, विस्तव नाही, धूर नाही," त्याने पेटी माझ्यापुढे ठेवीत सांगितले.

"मग आहे काय?"

"हवा!"

केवळ हवेवर चालणारे धंदे मी या शहरात पुष्कळ पाहिले आहेत; परंतु तसे आरंभीच कबूल करणारा हा पहिलाच असल्यामुळे मी त्याची कैफियत पूर्ण ऐकून घेतली. तिचा मथितार्थ असा की, पाण्याच्या यंत्रात तेलाचे थेंब पाण्यावर सोडतात आणि सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरणारी एक चकती त्या मिश्रणाचे धुके करते, ज्यामुळे खोलीत सुगंध थोडा आणि दमटपणा फार अशी अवस्था होऊन श्रावणात पापडांची वाताहत होते. बिनपाण्याच्या यंत्रात एक लहानसा पंप हवा दाबून बारीक छिद्रातून वेगाने सोडतो. त्या वेगामुळे तेथला दाब उतरतो, खालच्या बाटलीत बुडवलेल्या नळीतून निर्भेळ तेल आपोआप वर खेचले जाते आणि हवेच्या झोतात त्याचे सूक्ष्म कण होतात. जाड थेंब आतल्या भिंतीवर आपटून पुन्हा बाटलीत परततात. हलके तेवढे बाहेर पडून तरंगत राहतात. मोठ्या हॉटेलांत हीच पेटी वातानुकूलनाच्या नळांना जोडली म्हणजे एका बाटलीत अख्खा मजला सुवासिक होतो.

वेग वाढला की दाब उतरतो, हे तत्त्व डॅनिएल बर्नुली या स्विस पंडिताने १७३८ साली ग्रंथात मांडले, असे पुतण्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. मला मात्र ते तत्त्व पाहता क्षणीच ओळखीचे वाटले. आमच्या लहानपणी ढेकणांच्या निर्दालनार्थ घरोघरी जी फ्लिटची पिचकारी असे, तिच्यात दांडा पुढे रेटला की हीच हवा, हीच नळी आणि हेच तुषार! ज्या युक्तीने आमच्या वडिलांनी खाटा निर्वंश केल्या, तीच आता अतिथींच्या स्वागतासाठी दरमहा भाड्याने मिळते.

अर्थात दुकानाला सुवास देण्याची वहिवाट काही या पेटीने पाडलेली नाही. तिन्हीसांजेला हातात निखाऱ्यांचे धुपाटणे आणि मोरपिसांचा पंखा घेतलेला फकीर बाजारातून दुकानोदुकानी हिंडतो, गल्ल्यावर, कपाटांवर आणि मालकाच्या टकलावर लोबानाचा धूर फिरवतो, एक नाणे उचलतो आणि चालू लागतो. हेही बिनपाण्याचेच यंत्र. वीज नाही, करारनामा नाही, आणि दृष्ट उतरते ती वेगळीच. शिवाय त्या धुराने कधी आपण व्हॅनिला असल्याचा आव आणला नाही.

पुतण्याच्या यादीत चोवीस सुगंध होते. त्यांत 'समुद्राची झुळूक' होती; ज्या शहराच्या वाट्याला समुद्र म्हणून हुसेनसागर आला, त्याने तिची खरी पारख कशी करावी, हा प्रश्न मी गिळला. परंतु संख्येचा गर्व मात्र मी चालू दिला नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून १८२० सुगंध होतात असा हिशेब मांडून ठेवला आहे, हे मी त्याला ऐकवले. आणि गंधशास्त्रावरच्या 'गंधवाद' नामक संस्कृत ग्रंथावर जुन्या मराठीत टीका आहे, ती पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणली, हेही सांगितले. मराठी माणसाने सुगंधावरही टीकाच लिहिली, याचे पुतण्याला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

या धंद्याची खरी गंमत निराळीच आहे. कोणताही वास काही मिनिटे अखंड घेतला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून यंत्र काही सेकंद फवारते आणि काही मिनिटे स्वस्थ बसते. तरीही दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या मालकाला त्यातले फारसे काही जाणवत नाही. ज्याने पैसे मोजले त्याच्या नाकाला रजा, आणि रस्त्यावरून फुकट आत डोकावणाऱ्याला मात्र नंदनवन! परिणामी मालक सुगंध संपला असे समजून मात्रा वाढवतो, आणि गिऱ्हाईक शिंकत बाहेर पडते.

आमच्याही घरात लावलेल्या यंत्रासाठी पुतण्याने 'व्हाइट टी' नावाचा सुगंध मंजूर केला. मोठमोठ्या हॉटेलांत हल्ली तोच चालतो म्हणे. मेट्रोने चिक्कडपल्लीहून आलेले माझे एक जुने स्नेही बैठकीत बसले. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, प्रसन्न झाले, आणि स्वयंपाकघराच्या दिशेने पाहत वाट पाहू लागले. गप्पांचे विषय संपले, हवापाण्याचेही संपले, तरी ते उठेनात. शेवटी सौभाग्यवतींनी पडद्याआडून मला हाक मारली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, चहाचा वास सोडून ठेवलात, आता चहा नको का द्यायला?" लगोलग आधण चढले, त्यात आले ठेचून पडले, आणि त्या वाफेपुढे भिंतीवरच्या पेटीचा मागमूस उरला नाही.

स्नेह्यांनी दोन कप घेतले. जिन्यापर्यंत पोहोचवायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून यंत्राची मुक्तकंठाने तारीफ केली. "सुरुवातीला जरा फिका वाटला," ते म्हणाले, "पण मागाहून आल्याचा वास काय हुबेहूब सोडला हो त्याने! आमच्याकडेही एक पाठवून द्या."

पुतण्याने मागणी त्याच दिवशी नोंदवून घेतली.