पावणेचार किलो नर्मदा

दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरला जायचं ठरलं तेव्हा आमच्या साडूभाऊंनी तिकिटांची चौकशी केली नाही, हॉटेलची केली नाही, तिथे थंडी किती असते हेही विचारलं नाही. "जाण्याआधी वाचायचं काय?" एवढंच विचारलं आणि चष्मा पुसायला घेतला.

पुण्यातला माणूस हल्ली सहलीला जात नाही, परीक्षेला बसल्यासारखा जातो. त्यात जबलपूरचा ग्वारीघाट म्हणजे नर्मदा आणि नर्मदा म्हणजे मराठी माणसाचा खास विषय. गोदावरी आपल्याच नाशकात उगमापासून आजारी आहे, तिच्याकडे आपण नाक मुठीत धरून बघतो. पण शेकडो किलोमीटरवरच्या परक्या राज्यातल्या नदीचं नाव निघालं की आपला गळा दाटून येतो. लांबच्या नातेवाइकांवर प्रेम करणं सोपं असतं, त्यांची धुणी धुवावी लागत नाहीत.

तर आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराला म्हटलं, नर्मदेवर काही आहे का? त्यानं मान वर न करता विचारलं, "पायी, बसने की अंतर्यात्रा?" मराठीत नर्मदा परिक्रमेचं एक अख्खं कपाट आहे हे मला त्या दिवशी कळलं. जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदेऽऽ हर हर' वरच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला. भारती ठाकूर यांचं शेजारी. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' जरा मागे, अभिजात म्हणून धूळ खात. आणि मग तिथून खाली गुडघ्यापर्यंत निवृत्त अधिकाऱ्यांची, मुख्याध्यापिकांची, दोन दाम्पत्यांची मिळून एक अशी अनुभवकथनं. मुखपृष्ठावर सूर्यास्त, सूर्यास्तात पाठमोरा माणूस, माणसाच्या हातात काठी.

ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कुंट्यांचं मीही एका बैठकीत संपवलंय आणि नंतर दोन दिवस ऑफिसात जाववेना. गोनीदांनी तर नर्मदेकाठी जे पायपीट करून कमावलं ते कादंबरीत असं मुरवलंय की त्यातून 'माहिती' काढायला गेलं तर हाताला काही लागत नाही. माझं भांडण साडूभाऊंच्या निवडीशी. ते प्रत्येक पुस्तक मधूनच उघडत, चार पानं चाळत आणि बोट ठेवून म्हणत, "हां, इथे आहे!" काय आहे? तर चमत्कार. भुकेल्या वेळी अनोळखी बाई येऊन भाकरी देते आणि वळून बघावं तर नाहीशी होते. ज्यात पहिल्या पन्नास पानांत बाई नाहीशी होत नाही ते पुस्तक साडूभाऊ परत फळीवर ठेवत.

त्या चाळणीतून अमृतलाल वेगड गळाले. आता गंमत बघा. वेगड जन्मले जबलपूरला, 1928 मध्ये. कच्छी वळणाचं गुजराती घर. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे चित्रकला शिकले, परत येऊन जबलपुरातच कला शिकवत राहिले. पन्नाशीच्या उंबऱ्यावर, 1977 मध्ये, सुट्टी लागल्यावर हा मास्तर झोळी घेऊन निघाला तो पहिल्या टप्प्यात जबलपूर ते मंडला. पुढं सुट्टीसुट्टीनं तुकडे जोडत वर्षानुवर्षं चालला. काठावरच्या बायका कपडे कसे पिळतात, नावाडी विडी कशी झाकून पेटवतो, हे सगळं कागदावर उतरवलं, रंगीत कागद फाडून कोलाज केली. गुजरातीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, 2004 मध्ये साहित्य अकादमी मिळाली. मराठीतही ते आलंय, 'सौंदर्याची नदी नर्मदा' या नावानं, त्याच फळीवर होतं. सुट्टीत चालणाऱ्या माणसाचं पुस्तक सुट्टीवर निघालेल्या माणसानं घ्यावं, याहून सरळ हिशेब कोणता?

साडूभाऊंनी चाळलं आणि म्हणाले, "यात नुसती नदीच आहे हो."

परत ठेवलं.

घरी आल्यावर सात पुस्तकं सामानाच्या हूकवाल्या काट्याला लटकवली. पावणेचार किलो. सौ. म्हणाल्या, मग माझी शाल राहू दे.

मला शेजाऱ्याच्या ताटातलं उलटसुलट करायची खोड. मी म्हटलं, मीही जबलपूरवर वाचतो, पण काठीवाला सूर्यास्त नको. म्हणून ज्यूल व्हर्न काढला, तो ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणारा. त्यात फॉग साहेब मुंबईहून रेल्वेनं निघतात आणि वाटेत रूळच संपतात. पुढे अलाहाबादपर्यंत लाइनच टाकलेली नाही, म्हणून हत्ती विकत घ्यावा लागतो. कादंबरीतलं साल 1872. प्रत्यक्षात मुंबईकडची लाइन आणि कलकत्त्याकडची लाइन जबलपूरला 7 मार्च 1870 रोजीच जोडली गेली होती. म्हणजे फॉग साहेबांनी व्हर्नऐवजी वेळापत्रक वाचलं असतं तर जबलपूरला गाडीतच चहा पिऊन पुढे गेले असते आणि हत्तीचे पैसे वाचले असते.

किपलिंगची आणखी वरची तऱ्हा. जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की सिवनी लागतं, तिथलं मोगलीचं जंगल. 'जंगल बुक' 1894 चं, लिहिलं अमेरिकेत व्हरमाँटला, आणि सिवनीला गृहस्थ कधी गेलेच नाहीत. दुसऱ्याची पुस्तकं वाचून लिहिलं. तरी आज तिथल्या ढाब्यांवर मोगली, रिसॉर्टवर बघीरा. न जाता लिहिणारा जिंकला, आणि आपण जाऊनसुद्धा वाचतच बसतो.

गाडी निघाली. इथे एक भूगोल सांगायला हवा, कारण पावणेचार किलोत तो कुणीच सांगितला नव्हता. इटारसी नर्मदेच्या दक्षिणेला, जबलपूर उत्तरेला. तेव्हा इटारसीकडून येणाऱ्या गाडीला जबलपूरच्या अलीकडे नर्मदा ओलांडावीच लागते. पहाटे पुलाचा खडखडाट सुरू झाला. धुक्यात खाली पाणी पसरलेलं, कुणीतरी डब्याच्या दारातून नाणं भिरकावलं, एक म्हातारी पुटपुटली "नर्मदे हर". मी साडूभाऊंना हलवलं. ते वरच्या बर्थवर, छातीवर पुस्तक उघडं, पुस्तकात बोट. अंतर्यात्रा चालू होती.

ग्वारीघाटावर मात्र ते ताजेतवाने उतरले. आता तयारी दाखवायची वेळ आली होती. परिक्रमेच्या बोलीत माणसांना 'मूर्ती' म्हणतात हे त्यांनी पाठ केलेलं. सदाव्रतात विचारतात ना, कितनी मूर्ति? नावाड्यानं साधं विचारलं, "कितने लोग?" साडूभाऊ छाती काढून म्हणाले, "चार मूर्ति!" नावाड्यानं आमच्या मागे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि अदबीनं सांगितलं, "बाबूजी, मूर्ति विसर्जन इधर नहीं होता, उधर कुंड में।"

पलीकडच्या काठावर गुरुद्वारा आहे. गुरू नानक इथे येऊन गेले अशी श्रद्धा. बायकांना तिकडे जायचं होतं. साडूभाऊ नावेत बसायला तयार होईनात. का? तर परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाही! म्हटलं, अहो, तुम्ही परिक्रमेत कुठे आहात? तुम्ही हॉटेलात आहात, कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्टवर. आणि पहाटे गाडीनं ओलांडलीत त्याचं काय? यावर ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झोपेतलं धरत नाहीत."

ते घाटावर थांबले, आम्ही जाऊन आलो. परत आलो तेव्हा एका दाढीवाल्या उंच म्हाताऱ्याकडे टक लावून बसलेले. दबक्या आवाजात मला म्हणाले, "कपाळावर फेटा आहे बघा. जखम झाकली असेल." अश्वत्थामा! आता ज्या शूलपाणीच्या झाडीत अश्वत्थामा भेटतो म्हणतात ती पार पश्चिमेला, नंदुरबारच्या अंगाला. ग्वारीघाटावर त्याची वाट बघणं म्हणजे सावंतवाडीत उभं राहून नागपूरची संत्री कधी पिकतील ते विचारणं. म्हातारा उठला आणि गक्कड-भरत्याच्या गाडीमागे जाऊन निखारे फुंकू लागला. त्याचीच गाडी होती. गोवऱ्यांवर भाजलेले गक्कड, वर तूप, शेजारी भाजलेल्या वांग्याचं भरीत. भुकेल्या वेळी अनोळखी माणसानं भाकरी दिली, आणि वळून पाहिलं तर नाहीसा झाला नाही, ऐंशी रुपये मागितले. साडूभाऊ जरा खट्टू झाले.

संध्याकाळी आरती. नदीच्या मधोमध पाण्यातलं छोटं देऊळ, काठावर चौथऱ्यांवर उभे पुजारी, हातात थरांचे दिवे, पानांच्या द्रोणांत सोडलेले दिवे वाऱ्यानं विझतायत आणि पोरं पुन्हा पेटवतायत. साडूभाऊ पायरीवर बसून, मोबाइलच्या उजेडात, ग्वारीघाटावरच्या आरतीचं वर्णन वाचत होते. मधूनच वर बघायचे. जुळतंय का ते तपासत असावेत.

पूर्वी इथे छोटी लाइन यायची. शहरातल्या हाऊबागहून सुटलेली बुटकी गाडी ग्वारीघाटाला टेकून नैनपूर, गोंदियाकडे निघायची. 2015 मध्ये ती बंद झाली, मग मोठी लाइन आली. चहावाला तिच्याबद्दल बोलत होता, गाडीच्या वेगाबद्दल, उतरून मुतून परत चढता यायचं म्हणाला. कुठल्याही कपाटात न मिळणारा मजकूर होता. साडूभाऊंनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "मैया ने कभी दर्शन दिया?" तो म्हणाला, "रोज सामने ही तो बहती है।" आणि कप विसळायला गेला.

आता माझी कबुली. या गावात एक माणूस राहत होता आणि मी त्याचं पुस्तक पुण्याहून आणायला विसरलो होतो. हरिशंकर परसाई. मास्तरकी सोडली, लेखणीवर जगले, जबलपुरातूनच 'वसुधा' मासिक काढलं, वर्तमानपत्रांत सदरं लिहिली, लिहिल्याबद्दल लोकांनी घरात शिरून मारलं तरी लिहीत राहिले. 1982 मध्ये अकादमीही मिळाली, 'विकलांग श्रद्धा का दौर' या पुस्तकाला. 1995 मध्ये इथेच गेले. त्यांची एक गोष्ट आहे, 'वैष्णव की फिसलन'. एक भाविक सावकार देवाला विचारून हॉटेल काढतो. मग गिऱ्हाइकाला लागतं ते एकेक वाढत जातं आणि दर खेपेला आतून भगवंताची परवानगी मिळत जाते. तीर्थक्षेत्रीच्या हॉटेलांत दर खोलीत गीतेशेजारी ही ठेवायला हवी. पण आमच्या कपाटवाल्या दुकानदाराला जबलपूर म्हटल्यावर परसाई आठवले नाहीत, साडूभाऊंना आठवले नाहीत. आणि आठवड्याला तिरकस लिहून पोट भरणाऱ्या मला, ज्यानं निदान त्यांच्या गावात शिरताना चप्पल काढायला हवी, त्यालाही आठवले ते सातवं पुस्तक बॅगेत कोंबून झाल्यावर. मी व्हर्नच्या चुका काढत बसलो होतो ना.

परतीच्या दिवशी स्टेशनवरच्या स्टॉलवर परसाई मिळाले. पातळ पुस्तक, फार तर दोनशे ग्रॅम. गाडी सुटली तसा मी वाचायला लागलो. साडूभाऊंच्या सातांपैकी साडेपाच पुस्तकं न वाचता परत चालली होती, शिवाय घाटावर घेतलेले नर्मदेचे गोटे. वजन पावणेसात झालं होतं. हमालाला ते त्यांनी स्वतः सांगितलं, जरा अभिमानानंच.

"काय वाचताय?" त्यांनी वरच्या बर्थवरून वाकून विचारलं. "नर्मदेवर आहे का?"

"नाही हो, आपल्यावर आहे."

"मग सावकाश वाचा," म्हणाले आणि दिवा घालवून कुशीवर वळले.

मी खालच्या दिव्यात वाचत राहिलो. दोनदा मोठ्यानं हसलो, समोरच्या बाईंनी दोनदा पाहिलं. गोष्ट संपत आली होती, सोडवत नव्हती. मध्येच गाडीचा आवाज बदलल्यासारखा वाटला, पोकळ, लोखंडी. पान संपवून डोकं वर काढलं तोवर तो थांबला होता. खिडकीबाहेर शेतं होती आणि समोरच्या बाई नाणं टाकून दारातून परत येत होत्या.