राजवाड्यातला कोयता, म्हणे!

"अहो वहिनी, गॅसवर काही नाही ना? मग या जरा कुंपणाशी. मागल्या आळीतल्या दादांच्या माळ्यावर कोयता सापडलाय. तोही राजवाड्यातला! मुंबईचा पुतण्या मोबाईलवर फोटो दाखवत गावभर फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातली मॅशेटी आहे, पन्नास हजार कुठे गेले नाहीत म्हणे."

"खरंच येतील, काकू?"

"येतात कसले! जव्हारात गंजलेलं काही निघालं की ते जय विलास राजवाड्यातलंच. महाराज यशवंतराव मुकणे महायुद्धात हवाई दलात होते, हे खरं. म्हणून काय गावातला प्रत्येक विळा विमानातून उतरला?"

"तुम्ही पाहिलात?"

"हातात घेऊन पाहिला. टोक आत वळलेलं, पात्याचं शेपूट तापवून मुठीत ठोकलेलं, वर लोखंडी शेंबी. पाठीवर हातोड्याचे खळगे बोटाला लागतात. अहो, राबासाठी फांद्या तोडायचा मोखाड्याकडचा कोयता तो! बहुतेक ट्रकच्या पाट्याचा. माझ्या वडिलांची उभी हयात देहूरोडच्या लष्करी डेपोत गेली, मला शिकवू नका म्हटलं. लष्करी मॅशेटीचं पातं लांब, पातळ, मुठीच्या टोकापर्यंत आरपार गेलेलं; दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून रिव्हेट मारलेली. मुठीजवळ कारखान्याचं नाव, साल आणि बाणाची खूण. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. हिंदुस्थानात तपासलेल्या मालावर बाणाबरोबर इंग्रजी आय. बर्मिंगहॅमच्या मार्टिंडेल कंपनीची तर खूणच मगर."

"मगर! बरं, पोलिसांची भानगड नाही ना त्यात?"

"तीच तर गंमत. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं, पण शेतीच्या आणि घरच्या अवजाराला सूट आहे. म्हणजे कोयता म्हणाल तर सुटलात. हा शहाणा मात्र युद्धाचं हत्यार म्हणून डंका पिटतोय!"

"आमच्या सासऱ्यांची एक पाण्याची बाटली आहे. निळी, वरून जाड खाकी कापड."

"अगं बाई, मग ती बघा की! निळा मुलामा, वर नमद्याचं आवरण, दोरीला बांधलेलं बूच, असं असेल तर ती पलटणीचीच असायची दाट शक्यता. कुठली पलटण, हे विचारायचं नाही. युद्ध संपल्यावर लष्कराचा डिस्पोजलचा माल बाजारात आला, तो कोणाकोणाच्या घरी गेला. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात केवढा कल्याण कॅम्प होता. तोच १९४९ साली उल्हासनगर झाला. इकडे घाट चढलं की देवळालीची छावणी. बाटलीचा पट्टा आहे?"

"आहे, पितळी बकलाचा."

"आतल्या बाजूला शाईचा शिक्का शोधा. १९३७च्या नमुन्याच्या पट्ट्यांवर साल असतं बघा. पुसट असेल तर उन्हात तिरकं धरून बघा. शिक्का नसला तर सासऱ्यांची गोष्ट सांगा, पण पैसे मागू नका."

"आज चिंचेनं लख्ख घासते आणि धुऊन टाकते."

"मुळीच नको! दादांच्या पुतण्यानंही कोयता विटेनं घासलाय. त्याच्यावर काही नव्हतंच म्हणून निभावलं. कोरड्या फडक्यानं पुसा, बस्स. आणि पट्टा पाण्यात घालू नका. शाई गेली की साल गेलं."