चार एमबीचं स्वराज्य

वायफायचा राउटर हा घरातला सर्वांत उपेक्षित संगणक. तो संगणक आहे हेच कुणाला पटत नाही. नेट अडलं की बटण बंद करा, दहा आकडे मोजा, बटण चालू करा, एवढीच त्याची सेवा. पासवर्ड जोडणीवाल्या पोराने टाकला तोच. अपडेट? ते मोबाइलला असतं ना!

या खोक्याच्या पोटात बहुधा लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम असते. जगभरच्या लोकांनी लिहायचं, कंपनीने उचलून त्यावर आपला शिक्का मारायचा आणि पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकालाच दटावायचं, आत हात घालायचा नाही! आयत्या बिळावरचा नागोबा निदान बिळाला कुलूप तरी लावत नाही.

अमेरिकेत 2003 साली असं एक बीळ उघडं पडलं. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी54जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर. उद्योगी मंडळींनी त्याचं फर्मवेअर, म्हणजे खोक्यात कायमचं बसवलेलं सॉफ्टवेअर, उकललं, तर आत लिनक्स! आता लिनक्सच्या जीपीएल परवान्याची अट सरळ आहे: बदला, विका, पण ज्याला विकाल त्याला सोर्स कोडही द्या. त्याच वर्षी सिस्को या नेटवर्किंग कंपनीने सुमारे 50 कोटी डॉलर मोजून लिंक्सिस विकत घेतली होती. भाजीवालीकडे आपण भेंडीसुद्धा मोडून बघतो. यांनी झाकण उघडून पाहिलं नसावं. तगादा लागला, कोड बाहेर आला आणि 2004 मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे कुणालाही राउटरवर चढवता येणारं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. त्या राउटरमध्ये साठवणीला जागा किती? 4 एमबी. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो मावेल, फार तर.

मग 2005 साली कंपनीने नव्या आवृत्तीतली मेमरी निम्मी केली, लिनक्स काढलं आणि व्हीएक्सवर्क्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. गिऱ्हाइकं कुरकुरली. तेव्हा जुनाच माल ‘जीएल’ नावाने पुन्हा दुकानात आला, एल म्हणजे लिनक्स! जे लपवलं होतं तेच आता खोक्यावर मिरवायचं. हा जीएल 2016 सालीही विकला जात होता. उपरती म्हणावी तर अशी.

आज ओपनडब्ल्यूआरटी शेकडो मॉडेलांवर चालतं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरला अपडेट मिळतात, जाहिराती दारातच अडवता येतात आणि पोराने गेम डाउनलोडला लावला तरी बाबांची मीटिंग अडखळत नाही. रांग लावून देणारं एफक्यू-कोडेल आत बसलेलं असतं. अर्थात स्वराज्यातही सगळ्यांना जागा नसते. ज्या 4 एमबीवाल्यांच्या जिवावर हे उभं राहिलं, त्यांना 19.07 या आवृत्तीनंतर नारळ मिळाला.

हे चढवायचं असेल तर खोकं तुमचंच आहे ना, तेवढं आधी बघा. इंटरनेटवाल्याने ‘फुकट’ दिलेलं असेल तर किल्ली त्याच्याकडे. तो लांबूनच सेटिंग बदलू शकतो. स्वतःचं असेल तर मॉडेलसोबत त्याची आवृत्तीही तपासा. नाव तेच, चिप वेगळी, हा कंपन्यांचा आवडता खेळ.

ओपनडब्ल्यूआरटीवाल्या मंडळींचा विनोदही त्यांच्यासारखाच. जुन्या आवृत्त्यांना कॉकटेलची नावं असत आणि राउटरमध्ये लॉगिन केलं की पडद्यावर त्या कॉकटेलची कृती उमटे. 2007 च्या ‘कामिकाझे’त व्होडका, ट्रिपल सेक आणि लिंबाचा रस, तिन्ही समप्रमाणात. फर्मवेअर चढवताना मध्येच वीज गेली आणि राउटरची वीट झाली, तर घ्यायला काहीतरी हवंच.