डिग्री बदला!

दहावीच्या इंग्रजीत 'डिग्री बदला' म्हटलं की पोरं झोपेतही लिहितात. 'एव्हरेस्ट इज द हायेस्ट पीक'चं 'नो अदर पीक इज अ‍ॅज हाय अ‍ॅज एव्हरेस्ट' होतं. एव्हरेस्ट तसूभर हलत नाही, मार्क मात्र पदरात पडतो. 'मोअर बेटर' लिहिलंत, की तोच मार्क गेला! शेक्सपिअरने 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या तोंडी एकाच विशेषणाला 'मोस्ट' आणि 'इस्ट' दोन्ही चिकटवले, तो महाकवी. अमेरिकेच्या 1787च्या राज्यघटनेने तर प्रस्तावनेतच आधीच परिपूर्ण असलेल्या 'परफेक्ट'ला 'मोअर' जोडलं. तेव्हा पोरांनो, पेपरात मुकाट्याने नुसतं 'बेटर' लिहा, शेक्सपिअरला बोर्डाची परीक्षा द्यायची नव्हती.