न ओळखणाऱ्यांचे उपकार

मुखवटा घालून अन्यायाचा बीमोड करणाऱ्या वीरांचे गोडवे पुष्कळ गाऊन झाले. त्यांना न ओळखणाऱ्या दुर्जनांविषयी मात्र कुणी कौतुकाचा शब्द काढत नाही. हा निव्वळ कृतघ्नपणा झाला.

१९३५ साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला. राजकन्या माधुरी डोळ्यांभोवती वीतभर काळी पट्टी बांधते, चाबूक उचलते आणि वजिराच्या माणसांना बडवत सुटते. राजकन्येच्या भूमिकेत नादियाबाई. केस सोनेरी, बांधा तालमीतला, हिंदी बोलण्याची ढब कुठल्याच संस्थानात न सापडणारी. अशी बाई साऱ्या मुलुखात एकच. पण मार खाऊन परतलेला एकही शिपाई, "सरकार, बाई ओळखीच्या वाटल्या," असे म्हणत नाही. याला म्हणतात स्वामिनिष्ठा! एखादा आगाऊ निघाला असता, तर मध्यंतराआधीच खेळ आटोपून पब्लिकने तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

'शहेनशाह'मधले (१९८८) गुंड तर या घराण्याचे भूषण. दिवसा लाच खाणारा भित्रा इन्स्पेक्टर, रात्री विग, दाढी आणि एका हाताला लोखंडी जाळी. उंची तीच, आवाजही तोच. ज्या आवाजाची नक्कल गल्लीतले शेंबडे पोरही करते, तो स्मगलरांना अनोळखी वाटावा, ही साधी साधना नव्हे.

या थोर परंपरेला बट्टा लावला तो इंग्रज सरकारने. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. त्यातला कीचक अस्सल जुन्या वळणाचा. विराटाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याचे दंड एवढे कसे, ही साधी चौकशीही तो करत नाही आणि यथासांग मरतो. एवढ्यावर भागायला हवे होते. व्हाइसरॉय कर्झनसाहेबांचे नावही नाटकात नाही. ते तर १९०५ सालीच हिंदुस्थान सोडून गेलेले. पण उन्मत्त, परस्त्रीवर डोळा ठेवणारा जुलमी पाहून अखेर सरकारला आपला माणूस भेटल्यासारखे वाटले. त्याचे नाव कर्झन, हे थिएटरातल्या साऱ्यांना ठाऊक होते, असे लंडनचे पत्रकार चिरोलसाहेब यांनी पुस्तकात छापलेच. द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज मवाळ, भीम जहाल, ही फोडही त्यांनीच करून दिली. पिटातल्या एखाद्या भोळ्या जीवाला रूपक समजले नसेलच, तर त्याची सोय थेट लंडनहून झाली.

१९१० साली नाटकावर बंदी आली. हाताशी १८७६चा नाट्यप्रयोग कायदा होता, मग काय! तीन वर्षे छान न ओळखता काढली होती. आणखी थोडी कळ काढवली नाही. बंदोबस्तही अर्धवटच. व्यासांकडे कुणी शिपाई धाडला नाही, त्यामुळे विराटपर्वातला कीचक आजतागायत विनापरवाना मारला जातो.