मोज्यातली बाटली

परवा मित्राकडे जेवायला सहा जण होतो आणि पाच जुन्या रेड वाइन. लेबल दिसू नये म्हणून बाटल्यांना चक्क मोजे घातलेले. (धुतलेले, असं यजमानीणबाईंनी दोनदा सांगितलं.) एरवी लेबल वाचल्याबरोबर ज्यांना चामडं, तंबाखू आणि ओल्या मातीचा वास येतो, ते त्या रात्री शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत नुसतं ‘हं’ करत होते. मी ‘टॅनिन मऊ झालंय’ म्हणून सुटलो. हे वाक्य मुरलेल्या बहुतेक रेडला चालतं. वर्षांनुवर्षांत टॅनिन एकमेकांना चिकटून गाळ होऊन तळाशी बसतं आणि तुरटपणा उतरतो.

दिग्गजांचंही वेगळं होत नाही. २४ मे १९७६ला पॅरिसमध्ये वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना अशाच झाकलेल्या वाइन पाजल्या. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची ‘स्टॅग्ज लीप’ १९७३. बोर्दोची खानदानी ‘मूतों-रोथशिल्ड’ १९७० तिच्या मागे. ओदेत कान या परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. मग फ्रेंचांची समजूत अशी, की अमेरिकन पोरी तरुणपणी दिसतात छान, पण म्हातारपणी बघा! २००६मध्ये त्याच रेड पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या.

आमच्याकडेही शेवटी मोजे उतरले. सर्वांत जास्त बोलणाऱ्या गृहस्थांनी शेवटचा क्रमांक दिलेली बाटली त्यांनीच आणलेली होती.